अळणी भाजी आणि चौदा ग्रॅम

सोमवार, ३ मार्च
बीपी १८०/११०. डॉक्टरीण म्हणजे कालची पोरगी. गळ्यात नळी अडकवली की झाली विद्वान! म्हणे मूत्रपिंडाच्या डोक्यावर एक ग्रंथी बसलेली असते. तिचं हॉर्मोन हुकूम सोडतं, मीठ बाहेर जाऊ देऊ नका. मीठ साठतं, त्यामागून पाणी, मग प्रेशर. ही गोळी तो हुकूम मध्येच अडवते.
मला शिकवते! एकतीस वर्षं आवक-जावक विभाग चालवतोय. वरून आलेला कागद कसा अडवायचा, हे मला नवीन?
संकल्प: उद्यापासून मीठ बंद. कायमचं.

मंगळवार, ४ मार्च
बायकोने अळणी भाजी केली. भिजवलेला पुठ्ठा बरा.

गुरुवार, ६ मार्च. दुपारी, ऑफिसात
नवा विचार. गोळी मीठ बाहेर काढते. पण आत मीठच नसेल, तर ती बिचारी काढणार काय? रिकाम्या खोलीत केरसुणी! गोळी वाया जाऊ नये म्हणून खाऱ्या दाण्यांची एक पुडी. डॉक्टरणीला हे सुचलं नाही. घोकंपट्टी, दुसरं काय.

रविवार, ९ मार्च
बीपी १७६. मशीन स्वस्तातलं. मेहुणा आला होता. गाढव. म्हणाला, भाऊजी, पाय सुजलेत तुमचे. मी म्हटलं, बूट आखडलेत.

सोमवार, १७ मार्च
आता दोन पुड्या, वर चिप्स. आवक वाढली की जावक वाढतेच.
बीपी १८४. डॉक्टरीण म्हणाली, पथ्य पाळता ना? म्हटलं, मिठाचा रंगसुद्धा विसरलोय. बायकोनेही छातीठोकपणे सांगितलं, ह्यांच्या ताटात कणभर मीठ नसतं हो. डॉक्टरीण बुचकळ्यात! चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवून आणायला सांगितली. आणतो. तिचं अज्ञान लिटरमध्ये मोजून मिळेल.

बुधवार, १९ मार्च
कॅन पोचवला. लॅबवाल्याला म्हटलं, नीट तपासा, कुणाचे तरी डोळे उघडायचेत.

शुक्रवार, २१ मार्च. रात्री
रिपोर्ट आला. डॉक्टरीण म्हणाली, गोळी चालू असली तरी काही दिवसांनी जेवढं मीठ पोटात जातं, साधारण तेवढंच लघवीत उतरतं. तुमचं रोजचं चौदा ग्रॅम आहे. मग अगदी हळू आवाजात विचारलं, कुठून येतं?
मी म्हटलं, कॅन बदलला असेल.
बायकोने डॉक्टरणीकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.
घरी येऊन जेवायला बसलो. तिने मिठाची बरणी उघडली, आपल्या भाजीवर चिमूटभर घातलं आणि दोन घास खाऊन क्षणभर डोळे मिटले. तेव्हा उजेड पडला. अठरा दिवस तीही अळणीच जेवत होती. माझ्यासाठी. समोर बसून.
मी म्हटलं, अगं, सांगायचंस तरी.
ती म्हणाली, तुम्ही कुठे सांगितलंत?
आज ती पोटभर जेवली. मी माझी भाजी संपवली.