बाबांच्या रक्ताची पट्टी

नौपाडा, सोमवार संध्याकाळ, जानेवारी १९९७

आज रक्तातल्या डीएनएची फिल्म धुतली आणि लॅबमध्ये मी चक्क ओरडले. रक्ताच्या सावकाश वाढणाऱ्या कॅन्सरच्या एका पेशंटमध्ये, अगदी सुरुवातीलाच, पेशींतल्या गुणसूत्रांची टोकं झिजलेली दिसतायत. फिल्मवर उमटलेली काळी पट्टी जितकी खाली, तितकी टोकं आखूड.

मागच्या वेळी तुलनेला वेड्यासारखं माझंच रक्त घेतलेलं. पेशंट साठीचे, मी सव्वीसची. टोकं वयानेही झिजतातच की. म्हणून या खेपेला बाबांचं घेतलं. तेही साठीचे. तरी पेशंटची पट्टी बाबांच्या कितीतरी खाली. म्हणजे हे नुसतं वय नाही. नाहीच.

घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "म्हणजे मी पास?"

मी हसत सुटले.

"आणि ते गृहस्थ कसे आहेत गं आता?"

मला फक्त त्यांची पट्टी माहीत आहे.