पाळण्याची जागा

कळवा

प्रिय हेमांगी,

मी फोन का घेत नाही म्हणून तू सारखी विचारते आहेस आणि मी तुला नुसता अंगठा पाठवते आहे. आईकडून अंगठा आला म्हणजे काहीतरी बिघडलंय, हे तू ओळखायला हवं होतंस. असो. पत्रच लिहिते. शाळेत आमच्या सिस्टर म्हणायच्या, कितीही राग आलेला असो, समास सोडायचा आणि अक्षर सरळ ठेवायचं. दोन्ही केलं आहे. आता राग वाच.

डोहाळजेवण झालं की तू इकडे येणार, हे ठरलेलं. पहिलं बाळंतपण माहेरीच, यावरून माझं तुझ्या सासूबाईंशी भांडणही होऊन गेलं. अंगणात बोंबील वाळत घालणाऱ्या घरात माझं नातवंड पहिला श्वास घेणार नाही, असं मी भागीरथीबाईंना तोंडावर सांगितलं होतं आणि सुदेश बिचारा आई नि सासूच्या मधल्यामध्ये भिंतीकडे बघत बसला होता. घरी आल्यावर मी आतली खोली रंगवून घेतली. माळ्यावरून तुझाच पाळणा काढला, कड्यांना तेल दिलं. डिंक आणला, बाळंतशेपा आणल्या. आणि तेवढ्यात बिल्डरने शेजारची बिल्डिंग पाडायला घेतली.

ती पाडली त्याचं मला काही नाही, पडायलाच आली होती. पण आता तिथे खड्डा आहे, खड्ड्यात दोन अजस्र यंत्रं आहेत आणि त्यांचा जनरेटर बरोबर आपल्या आतल्या खोलीच्या खिडकीखाली आहे. गेटबाहेर डंपरची रांग, सगळ्यांची इंजिनं चालू. मी खाली जाऊन एकाला म्हटलं, उभाच आहेस तर बंद कर की. तो म्हणाला, मावशी, बंद केली की रुसते, परत चालू होत नाही. मी म्हटलं, माझंही तसंच आहे, एकदा बंद पडले की परत चालू व्हायची नाही. तो हसला. इंजिन काही बंद केलं नाही. सकाळी पुसलेला पाळणा संध्याकाळी करडा दिसतो.

तक्रारी करून करून शेवटी सोसायटीची मीटिंग लावली. बिल्डरने आरोग्याच्या धोक्याचा रिपोर्ट आणि तो समजावायला हितेश नावाचा मुलगा पाठवला, सोबत प्रत्येकाला समोसा. लोकांनी समोसा वाचला, मी रिपोर्ट वाचला. नोकरीभर विमा कंपनीत बसून लोकांच्या जिवाची जोखीमच मोजली आहे मी, मला कोण शिकवणार? रिपोर्टात डिझेलच्या धुराचे सूक्ष्म कण होते, ते फुफ्फुसात किती खोल जातात ते होतं आणि शेवटी ‘धोका स्वीकारार्ह’ असं होतं. कोणी स्वीकारला, ते नव्हतं. हिशोब धरला होता निरोगी प्रौढ माणसाचा, दिवसाचे आठ तास, खिडक्या बंद. हवा मोजायचं यंत्र ठेवलं होतं गच्चीवर, जिथे टाकीखेरीज कोणी राहत नाही. मी उभी राहिले आणि विचारलं, नवजात बाळ आठ तास झाले की सुटी घेऊन कुठे जातं? सेक्रेटरी म्हणाले, चित्राताई, जरा पॉझिटिव्ह बोला. मी म्हटलं, बाळ जन्माला घालतोय आम्ही, अजून किती पॉझिटिव्ह?

सगळे हसले. हितेश मात्र हसला नाही. मीटिंग संपल्यावर आपल्या दारात उभा. कधी येणार आहे मुलगी, विचारलं. खोली दाखवा म्हणाला. त्याच्याकडे हवा मोजायचं, हातात मावेल एवढं यंत्र होतं. ते घेऊन तो पाळण्याजवळ उभा राहिला, आकडा बघितला आणि मला न विचारता पाळण्याला हात लावून म्हणाला, हा आपण हलवून बघू. आम्ही दोघांनी तो कपाटाच्या बाजूला नेला. मग हॉलमध्ये, देवघराच्या कोपऱ्यात. मग स्वयंपाकघराच्या दाराशी, खिडक्या बंद करून, फटींना माझी जुनी पातळं लावून. प्रत्येक ठिकाणी तो यंत्राकडे बघत थांबे आणि मी त्याच्या तोंडाकडे. शेवटी तो बाथरूमच्या बाहेर, त्या अंधाऱ्या बोळात उभा राहिला. तिथे पाळणा मावतसुद्धा नाही. खाली बघून म्हणाला,

“मॅडम, या घरात मला जागा सापडत नाही.”

बिल्डरचा माणूस असून बोलला. त्याला मी चहा दिला.

आता फोनचं. मला खोकला आहे. दोन वाक्यं सलग बोलता येत नाहीत. डॉक्टरांनी श्वासाचा पंप दिला आणि घर सोडायला सांगितलं. तुला खोकला ऐकू आला असता तर तू पोट घेऊन पहिल्या गाडीने इथे आली असतीस, म्हणून फोन घेतला नाही. भागीरथीबाईंचा मात्र घेतला, मी घाबरले असं त्यांना वाटायला नको म्हणून. त्यांनी माझं खोकणं संपेपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “अवो ताई, तुमी डिझेलची धुरी घेताव ती घेताव, पोरीला कशाला देताव?” मग म्हणाल्या, सुनेला मी काही सांगणार नाही, तुमचं तुम्हीच सांगा. तर सांगते आहे. हेमा, तू येऊ नकोस. तुझं माहेरच आता डोंबिवलीला येतं आहे, पाळण्यासकट. लेकीच्या सासरी राहायला जाणारी आपल्या घरातली मी पहिलीच असेन, तेव्हा सासूबाईंना नीट विचार, खाडीकडच्या खोलीत पाळण्याला आणि मला मिळून जागा आहे का. बोंबलाचं मी बघून घेईन. पण शेगडीत निखारे घालून बाळाला धुरी द्यायला मी देणार नाही, हे आधीच सांगून ठेव. भांडण तिथे आल्यावर करू. तोपर्यंत मला दम पुरायला हवा.

पाळणा बांधून दाराशी ठेवला आहे. सुदेशला टेंपो घेऊन पाठव.

तुझीच, तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
आई