मोतीबिंदू निघाला, पण कॅमेऱ्याचा

चि. धाकट्यास,

तुझ्या थोरल्या बहिणीचा पोटभर आशीर्वाद. गुडघा कसा आहे? माझ्या भावजयीचा खोकला थांबला का? नसेल तर तिला बोलू कमी दे (माझ्याशी सोडून). पत्र हातात पडताच पहिलं काम कर. तू कामाला आहेस त्या डोळ्यांच्या डॉक्टरांच्या वहीत सोमवारच्या पानावर तू दाजींचं नाव लिहिलंयस, ते खोड. त्यांचे डोळे ठणठणीत आहेत!

तुला माहीतच आहे, चार महिने हे रोज सकाळी गॅलरीत उभे राहायचे, तो जुना रिळाचा कॅमेरा डोळ्याला लावायचे आणि समोरच्या शिंप्याची पाटी वाचायचे. (फोटो काढणं कधीच सुटलं, पण कॅमेरा गळ्यात असला की यांची मान ताठ राहते.) मग आत येऊन जाहीर करायचे, "आज धुकं आणखी वाढलं. गेला डोळा." म्हटलं, अहो, कॅमेरा बाजूला करून बघा की! तर म्हणे, "उघड्या डोळ्यांना दिसतं ते नुसतं सवयीने. यंत्र खोटं बोलत नाही." झालं. भाजी निवडणं बंद, जाळी झाडणं बंद, आणि मला पेपर वाचून दाखवणं बंद. तेच माझ्या जिवाला लागलं बघ. मी दुसरीतून शाळा सोडलेली, एका बातमीला माझा दिवस जातो, तोवर ती शिळी होते.

परवा हे अंघोळीला गेले आणि मी कॅमेऱ्याला डोळा लावला. नुसतं दूध! सुनेला बोलावलं, तिलाही दूधच. एका घरात तिघांना एकाच दिवशी मोतीबिंदू? उठले ती तडक खालच्या घड्याळजींकडे. त्यांनी इवलासा पेचकस दिला आणि बजावलं, "आजी, आत सोनेरी झाक असलेली काच असेल, ती घासायची नाही, झाक निघून जाईल." वरचं झाकण उघडलं, तर आत काचेवर शिळ्या पावावर येते तशी बुरशी! स्क्रू काढले तसे ओळीने ताटलीत मांडले. काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटचं बोट लावून, बाळाचा कान पुसावा तशी एकेक काच पुसली. सोनेरीवर नुसती फुंकर. हे शेजारी बसून "हळू गं, हळू" करत होते, जणू यांचंच ऑपरेशन चाललंय. त्यात शिंकले! एक स्क्रू उडाला, तो तासाभराने यांच्याच स्वेटरच्या घडीत सापडला.

पुन्हा जोडून गॅलरीत नेलं. काय सांगू तुला! हे तिथूनच ओरडले, "शिंपीबुवा, पाटीवरच्या फोन नंबरातला सहा उलटा लटकलाय, त्याचा नऊ झालाय!" खालून आवाज, "तरीच महिनाभर कोणाचा फोन नाही!" मग आत येऊन यांनी पहिल्या पानापासून हरवले-सापडलेपर्यंत अख्खा पेपर वाचला. मी मुद्दाम दोन बातम्या पुन्हा वाचायला लावल्या.

तुझी,
ताई

ता. क. कॅमेऱ्यात मला अजून थोडं धुकं दिसतं. तीनदा पुसलं. हे आणि सून म्हणतात, आता लख्ख आहे.

ता. क. दुसरा. कॅमेरा बाजूला केला तरी धुकं तिथेच आहे. तेव्हा सोमवारचा नंबर खोडू नकोस, नुसतं नाव बदल. आणि दाजींना इतक्यात काही सांगू नकोस. यंत्राने शोधून काढलं म्हणतील, आणि उद्यापासून गल्लीभर लोकांचे डोळे तपासत फिरतील. मला पेपर कोण वाचून दाखवणार?