चार नंबरचा वारा

२८ मार्च

चि. खडू हिस,

मामाचे भरपूर आशीर्वाद. वि. वि. पत्र उघडण्याआधी हात धू. मागच्या वेळी तुझ्या निळ्या बोटांनी माझी अर्धी अक्षरं पुसली आणि वर मामांचं लिहिणं लागत नाही अशी तक्रार तूच आईकडे केलीस. खडू हे नाव लहानपणी उगाच नाही पडलं तुला.

इकडे सगळे मजेत. स्पर्धा संपेपर्यंत तू फोन बंद ठेवतेस ते बरंच आहे. चालू असतो तेव्हा तरी ‘हं’ आणि ‘बरं’ यापुढे तू कुठे जातेस? मामी म्हणते, भाचीशी बोलण्यापेक्षा कुलपाशी बोलावं, ते किल्ली लावल्यावर उघडतं तरी. म्हणून हे पत्र तुझ्या हॉटेलच्या पत्त्यावर.

तुझी स्नूकरची क्रमवारी आपल्या हॉलमध्ये रोज येणाऱ्या सगळ्यांना तोंडपाठ आहे, शिंप्यापासून हेडमास्तर आणि दाताच्या डॉक्टरांपर्यंत. तू सहासष्टावी. मोसमातली ही शेवटची मानांकन स्पर्धा. ती आटोपेल तेव्हा पहिल्या चौसष्टांत असतील ते पुढेही व्यावसायिक खेळाडू, आणि बाकीच्यांनी पात्रता स्पर्धेच्या रांगेत पहिल्यापासून उभं राहायचं. तू दोन सामने जिंकलीस की आत. शिंप्याचं म्हणणं, वरचे दोघे हरले तर एकही पुरेल. त्यावर हेडमास्तरांनी त्याला सुनावलं की दुसऱ्यांच्या नापास होण्यावर स्वतःचा नंबर काढणारी पोरं त्यांनी जन्मभर पाहिली आहेत. दोघांचं चहा येईपर्यंत वाजलं, चहा आल्यावर मिटलं.

चार नंबरचं टेबल तसंच कललेलं आहे. परवा एक नवीन गिऱ्हाईक आलं, झोकात खेळत होतं. हळू मारलेला बॉल शेवटच्या वितीत डावीकडे सरकला तेव्हा ते माझ्याकडे असं बघायला लागलं की जणू मी खालून फुंकर घातली. शिंप्याने त्याला समजावलं, की इथे वारा आहे, अर्धा केस उजवीकडे धरायचं. ते टेबल मी एका बंद पडणाऱ्या क्लबातून उचललं तेव्हा मी तिथे फडकं मारायला होतो, आणि त्याला पाणसळ लावायची ऐपतही नव्हती. नंतर ऐपत आली, पण तोवर लोकांना वाऱ्याची सवय लागली होती. तू तर त्याच टेबलावर, पायाखाली खोकं घेऊन वाढलीस.

सामना मी नेहमीसारखा टीव्हीकडे पाठ करून ऐकणार. हसू नकोस. बॉल नीट गेला की एकच आवाज येतो, दाराची कडी बसल्यासारखा. डोळे आशा धरून बसतात, कान बसत नाहीत.

जेवत जा. लोभ आहेच, तो कमी होईल अशी काळजी करू नये.

तुझा मामा


५ एप्रिल

ती. मामांस,

खडूचा सा. नमस्कार. हात धुऊन लिहिते आहे.

पहिला सामना सहा-तीन असा जिंकले. हे तुम्हाला पाठमोरे बसूनही कळलं असेलच. समोरचा मुलगा माझ्याहून लहान, फार भराभर खेळतो. पहिल्या तीन फ्रेम त्याने मला खुर्चीतून उठूच दिलं नाही. आमच्या खेळात निम्मं काम बसण्याचं असतं हे शाळेतल्या मैत्रिणींना अजून पटत नाही. त्यांना वाटतं मी पायांवर उभी असते. खरं तर मी पाण्याचा पेला धरून, चेहरा सरळ ठेवून, दुसऱ्याला आपलं ताट जेवताना बघत असते. चौथ्या फ्रेमला तो एका सोप्या लाल बॉलवर घसरला. मग मी उठले ती बसलेच नाही.

इथे सरावाच्या खोलीत दोन टेबलांमध्ये नुसता पडदा आहे. पलीकडचा खेळाडू दिसत नाही, त्याचे बॉल ऐकू येतात. तुमची सवय मला लागली आहे. आवाजावरून मी ठरवते कोण फॉर्मात आहे, आणि मग माझीच झोप उडते.

पुढचा सामना दाढीवाल्याशी. वयाने तुमच्याएवढा नसेल, पण केस तुमच्याहून पांढरे आहेत. तोही काठावरच आहे, त्रेसष्टावा. काल नाश्त्याला माझ्या टेबलाशी येऊन बसला आणि लोणी पुढे करत म्हणाला, की आपल्या दोघांपैकी एकाचाच उन्हाळा चांगला जाणार, तेव्हा आज तरी पोटभर खाऊन घेऊ. मला तो आवडला. हे काही चांगलं लक्षण नाही ना?

आईची हॉस्पिटलात रात्रपाळी असेल. निकाल लागला की आधी तिच्या वॉर्डात निरोप द्या, मग शिंपीकाकांना.

मामींना नमस्कार. कुलूप बरं आहे म्हणून सांगा. माया आहे तशी राहू द्या.

तुमची खडू


११ एप्रिल

चि. खडू हिस,

आशीर्वाद. तू घरी न येता तिथूनच परस्पर सरावाच्या गावी गेलीस, असं तुझ्या आईकडून कळलं. बरं केलंस. इथे आली असतीस तर सांत्वनानेच मेली असतीस. हेडमास्तरांनी तर भाषण तयार ठेवलं होतं.

सहा-पाच. आणि तेही शेवटच्या काळ्या बॉलवर. क्रमवारी लागली तशी दाताच्या डॉक्टरांनी वाचून दाखवली. तू पासष्टावी. चौसष्टावर रेघ आणि रेघेखाली पहिलं नाव तुझं. शिंप्याने क्यू भिंतीला लावला आणि घरी गेला, पैसे द्यायचे विसरला, मीही मागायचे विसरलो. यावरून काय ते समज.

मी ऐकलं, खडू. पांढरा काळ्याला लागला तो आवाज चोख होता. मग जिथे एक आवाज यायचा तिथे दोन आले. मी मागे वळलो नाही. डॉक्टरांना विचारलं की कुठे लागला. ते म्हणाले, पॉकेटच्या उजव्या कडेला. हळू मारलेला होता का, तर होता. उजवीकडे किती, तर म्हणाले, केसभर.

तेव्हाच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तू वाऱ्याला धरून मारलास. घामाघूम झालेला माणूस जे लहानपणी शिकला तेच करतो, आणि तू शिकलीस ते माझ्या वाकड्या टेबलावर. तिथे वारा नव्हता, तरी तुझ्या हाताने अर्धा केस उजवीकडे धरलं. सगळा हॉल याला कबूल आहे. शिंपी तर म्हणाला, की त्याला टीव्हीवर वारा दिसला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आणला. त्याने पाणसळ ठेवली, डोकं हलवलं, पायांखाली पाचरी ठोकल्या, पुन्हा ठेवली, पुन्हा हलवलं. जेवणाआधी बुडबुडा मधोमध आला. आता चार नंबर ताटासारखं सपाट आहे. मी त्यावर एक बॉल हळूच सोडला. तो नाकासमोर चालत गेला. वाईट वाटलं, पण व्हायला हवं होतं ते झालं.

मे महिन्यात पात्रता स्पर्धा आहे. आधी इकडे ये आणि या टेबलावर हाताची जुनी खोड मोड. तुझी खोली मामीने झाडून, दिवा लावून ठेवली आहे.

टेबल सरळ झालं, मामा होता तसाच आहे, त्याच्यावरची मर्जी ढळू देऊ नये.

तुझा मामा


१८ एप्रिल

ती. मामांस,

सा. नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा फार बरं वाटलं. दुसऱ्यांदा वाईट वाटलं, म्हणून लिहायला बसले.

मामा, मी वाऱ्याला धरून मारलं नाही.

असं म्हणू दिलं असतं तर सगळ्यांचीच सोय होती. टेबल वाकडं होतं, ते सरळ केलं, संपलं. पण मी इतकी वर्षं कुठल्या कुठल्या टेबलांवर खेळले, एकदाही वारा माझ्याबरोबर आला नाही. चार नंबरची ती खोड मी तुमच्या हॉलच्या जिन्यातच ठेवून येते, छत्रीसारखी.

झालं असं. गुलाबी गेला, पांढरा थांबला, आणि काळा समोर. कठीण नव्हता. हॉलमधले सगळे दहातल्या नऊ वेळा घालतील, शिंपीकाका सहा वेळा. मी वाकले. तेव्हा मला बॉल दिसायला हवा होता. मला आई दिसली, वॉर्डाच्या दारात, निरोप ऐकून हसणारी. बॉल अजून टेबलावर आणि मी घरी पोचलेसुद्धा. मग एकाएकी मनात आलं की हा चुकला तर? आणि हात थरथरला. खांद्यापासून नाही, मनगटापासून, इतका थोडा की रेफरीलाही कळला नसेल. दाढीवाल्याला कळला. तो उठला, त्याने काळा घातला, आणि हात मिळवताना माझं मनगटच दाबलं.

मी घाबरले, मामा. एवढंच झालं. तो चुकलेला काळा माझा आहे, तो माझ्याकडेच राहू द्या. टेबलाला देऊन टाकलात तर मी दुरुस्त काय करू? पाचर कुठे ठोकू?

इकडे येत नाही म्हणून रागावू नका. घरी आले तर सगळे फार प्रेमाने वागतील आणि मला ते आत्ता परवडणार नाही. मिस्त्रीचं बिल वाया गेलं, त्याबद्दल माफी.

मामींना खोलीचा दिवा घालवायला सांगा, पण खोली तशीच राहू दे. माझा राग येऊ नये एवढंच मागणं.

तुमची खडू


२६ एप्रिल

चि. खडू हिस,

आशीर्वाद. तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, की अखेर कुलूप उघडलं, आणि किल्ली माझ्याकडे नव्हती म्हणून मी तोंड पाडू नये.

तोंड पाडलं नाही. पण दोन दिवस हॉलमध्ये नुसता बसून होतो. हा हॉल मी माझ्या हाताने उभा केला, खडू. फुटलं ते सांधलं, तुटलं ते बदललं. तुझं काही मोडलं आणि ते माझ्या हाताबाहेरचं असेल, हे मला सुचलंच नाही. मला वाटायचं, मोडलं ते वस्तूचं असावं, म्हणजे मिस्त्री आणता येतो.

तुझं म्हणणं हॉलमध्ये सांगितलं. सांगू नको म्हणाली नव्हतीस. शिंपी आधी मानेना, त्याला वारा सोडवेना. मग हेडमास्तर हळूच म्हणाले, की नोकरीच्या पहिल्या दिवशी ते वर्गाच्या दाराशी उभे होते आणि हातातला हजेरीपट वाजत होता. डॉक्टर म्हणाले, स्वतःच्या बायकोचा दात काढताना त्यांचा हात असाच हलला होता, बाई अजून बोलून दाखवते. मग जो तो आपला थरथरलेला हात काढून बसला. खेळ कुणीच खेळेना, धंद्याचं नुकसान तू केलंस.

चार नंबर सरळच ठेवलं आहे. सगळ्यांचा खेळ उघडा पडला आहे. शिंप्याचे बॉल अजून चुकतात, आणि आता त्याला बोलायला काही राहिलेलं नाही.

ये म्हणणार नाही. दिवा घालवला आहे. जीव लावून आहोत, एवढं ध्यानात असू दे.

तुझा मामा


१४ मे

ती. मामांस,

सा. नमस्कार. थोडंच लिहिते. चार फेऱ्या जिंकले. शेवटची पुढच्या आठवड्यात, ती जिंकली तर दोन वर्षांसाठी पुन्हा आत. हरले तर पुढचं वर्ष नाही.

थरथर गेलेली नाही. अक्षरावरून दिसतच असेल. आता मी तिला घालवायला बघत नाही, ती येते, तिला बसू देते, आणि बॉलकडे बघते. जमेल असं नाही. आईला सांगा की यावेळी मी घरी आधी पोचणार नाही.

आठवण असू द्या.

तुमची खडू


२२ मे

चि. खडू हिस,

आशीर्वाद, आणि आज ते मोजून देत नाही.

तुझ्या आईला आधी सांगितलं. ती वॉर्डात रडली आणि एका पेशंटनेच तिला पाणी दिलं. शिंप्याने सगळ्यांना चहा पाजला आणि मागच्या वेळचे पैसेही दिले. मी घेतले. हेडमास्तरांनी ते सांत्वनाचं भाषण थोडं फिरवून अभिनंदनाचं केलं आणि पूर्ण म्हटलं.

आता माझं ऐक. तुझ्या मागच्या पत्रातलं अक्षर मी पुष्कळ वेळ बघत बसलो. ‘बॉल’मधला काना ओळीच्या बाहेर गेला होता. सामन्याच्या दिवशी डॉक्टरांनी टीव्ही लावला, मी सवयीने खुर्ची भिंतीकडे वळवली, बसलो, आणि उठलो. खुर्ची फिरवली. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता, टीव्हीकडे कुणीच नाही. मी त्यांना दटावलं, की माझ्या तोंडावर स्कोअर लिहिलेला नाही.

शेवटच्या फ्रेममध्ये पुन्हा काळाच राहिला. तू वाकलीस. कॅमेरा जवळ गेला. तुझा हात थरथरत होता, खडू. मनगटापासून, पोरी. तू थांबलीस, उभी राहिलीस, पुन्हा वाकलीस. तो तेव्हाही थरथरत होता. आणि तू मारलास.

आवाज एकच आला, कडी बसल्यासारखा.

इतकी वर्षं मी तुझा खेळ ऐकला आणि वाटायचं की मला सगळं कळतं. हात कधी ऐकू आला नव्हता.

खोलीत दिवा लावला आहे. ये.

तुझा मामा