बेचाळीस की अठ्ठेचाळीस

१२ जाने. १९८०, शनि.
गुडघा पहाटेपासून ठणकतोय. तरी शेडवर गेलो. घरी बसून तो बरा झाल्याचं आजवर अनुभवाला आलेलं नाही.

विमान एकदाचं उभं झालं. साडेतीन वर्षं लागली. पंखांना नवं कापड, शेपटीला नवी लाकडं, इंजिन जुनंच पण नखापासून शेंडीपर्यंत खोललेलं. आता फक्त नाकावरचा पंखा बसवायचा बाकी.

दुपारी भाऊसाहेब आले. मालक तेच, आता उडवणारेही तेच. हैदराबादचं गिऱ्हाईक मिळालंय म्हणे, उन्हाळ्यात स्वतः उडवत नेऊन देणार. "मले हे आता डोयापुढं नोको मिस्त्री. वसंता गेला तवाच इकाले पायजे होतं."

वसंता त्यांचा धाकटा भाऊ. मे ७६. हेच विमान, सिंदी मेघेपलीकडची हीच धावपट्टी, आणि निघाला होता हैदराबादलाच. पट्टीच्या टोकाला कडुनिंब आहेत. त्यांच्यावरून गेला नाही.

जाताना म्हणाले, "पंखा कोन्ता लावाचा थे तुमी सांगा. तुमी सांगान थो."
तेव्हा वसंताही हेच म्हणाला होता. अगदी याच शब्दांत.

१४ जाने., सोम.
संक्रांत. शेडवर इंदूवहिनी तिळगूळ घेऊन आल्या. वसंताची बायको. भा.सां.च्याच (भाऊसाहेब त्यांचे भासरे, थोरले दीर) घरी राहतात, मुलगी मुन्नी सहा वर्षांची. माहेर बोरगाव मेघेचं, भाजीवाल्यांचं घर. बोलणं थोडं, पण नजर अशी की टोपली पाहूनच वजन सांगेल.

विमानाला हात लावला नाही. लांबूनच पाहत राहिल्या. मग एकदम, "मिस्त्रीभाऊ, खरं सांगा. थे पिऊन होते काय?"
"नाही."
"घरात त भासरे अजूनबी तेच म्हन्ते. मुन्नीपुढं म्हन्ते. मंग काऊन पडले?"

तिळगूळ तोंडात होता. तो चावत राहिलो. याला उत्तर म्हणत नाहीत, हे मलाही कळतं.

२० जाने., रवि.
जेवताना बायकोनं, सुमननं, विचारलं, दोन पंखे घेऊन एवढा कायले डोकं धरून बसता? पंखा तो पंखा.

सांगितलं. स्क्रू लाकडात फिरवला की एका फेऱ्यात थोडा आत जातो, तसा हा हवेत पुढे जातो. पहिला बेचाळीसचा, म्हणजे कागदावर एका फेऱ्यात बेचाळीस इंच. घास लहान, म्हणून इंजिन मोकळं फिरतं, विमान पटकन उचलतं, पण पेट्रोल फार पितं. दुसरा अठ्ठेचाळीसचा. घास मोठा. जमिनीवर इंजिन धापा टाकतं, पण एकदा वर गेलं की लांब जातं. हैदराबाद एका दमात गाठायचं तर अठ्ठेचाळीसच. बेचाळीसवर मध्ये उतरून डब्यांतून पेट्रोल भरावं लागेल.

"म्हन्जे चढाले एक अन् जायाले एक. अन् दोन्ही पायजे असन त?"
"मग माणूस मरतो," म्हटलं. नको इतक्या जोरात म्हटलं. तिनं भाजी वाढली. बिचारीचा काय दोष.

३ फेब्रु., रवि.
आज लिहूनच टाकतो. चार वर्षांत कागदावर आणलेलं नाही.

७६ ला अठ्ठेचाळीसचा पंखा मी लावला. वसंताला न थांबता जायचं होतं. त्यानं विचारलं, "निघन का भाऊ या पट्टीवरून?" मी डोळे मिटून हो म्हणणारा माणूस नाही. वरणात मीठसुद्धा मी चिमूट मोजून टाकतो, घरात त्यावरून हसतात. इंजिनाच्या फेऱ्यांचं घड्याळ तेव्हा बिघडलं होतं, म्हणून ओढ मोजली. शेपटीला दोर, दोराला पोती जोखायचा लटकता काटा, काटा बाभळीच्या बुंध्याला. इंजिन पूर्ण जोरात सोडलं. काटा एकशे छप्पन्नवर. फ्लाइंग क्लबात नोकरीला होतो तेव्हापासूनचा माझा नेम आहे: उन्हाळ्यात, भरल्या टाकीनं, अशा पट्टीवर दीडशे किलोच्या खाली ओढ असेल तर निघायचं नाही. सहा किलो वर होती.
"निघेल," म्हणालो.

चौकशीवाल्यांनी लिहिलं, वैमानिकाचा अंदाज चुकला. पंख्याचं मला कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मग गावानं त्याला दारू पाजली. मेल्यावर.

१० फेब्रु., रवि.
गाईसाठी ढेप (सरकीची पेंड) आणली, नेहमीसारखी भा.सां.च्या गोदामातून. सरकी, ढेप, सगळं आमचं तिथूनच. सुमन पोतं हलवून म्हणाली, "त्यायच्या घरचं पोतं रस्त्यानंच उतरते बापा." पंधरा वर्षं हेच म्हणते, की घरी येईतो वजन कमी भरतं. मी दरवेळी रागावतो. आजही रागावलो. ज्यांच्या घरचं खातो त्यांना नावं ठेवू नयेत वगैरे.

१९ फेब्रु., मंगळ.
बेचाळीस चढवून ओढ मोजली. काटा ७६ सारखाच गोदामातून मागवला, तोच काटा, तीच बाभूळ. एकशे सत्तर!
छाती फुगली. म्हातारं इंजिन आणि एकशे सत्तर. हातात कसब आहे अजून. संध्याकाळी सुमनला दोनदा सांगितलं.

२२ फेब्रु., शुक्र.
छाती बसली. ट्रंकेतली क्लबची वही काढली होती, कौतुकानंच, ताडून पाहावं म्हणून. ६८ साली, विमान क्लबचं होतं तेव्हा, हेच इंजिन, हाच बेचाळीस, क्लबच्या काट्यावर मी स्वतः मोजलाय. एकशे अठ्ठावन्न. तेव्हा इंजिन तरुण होतं.
इंजिन बारा वर्षांनी तरुण होत नाही. माणूस होत नाही तर इंजिन कुठून होणार.

पंखा उतरवून कोन तपासला, दोन्ही पात्यांचा. बरोबर. फेऱ्यांचं नवं घड्याळ पुलगावला गिरणीतल्या ओळखीच्या टर्नरकडून तपासून आणलं. बरोबर. सगळंच बरोबर, मग बारा किलो आले कुठून?

२३ फेब्रु., शनि.
पोतं रस्त्यानं उतरते.
अंघोळ करताना आठवलं. तांब्या हातातच राहिला.

बाजारातल्या कांदेवाल्याकडून वीस किलोचं लोखंडी वजन आणलं, सरकारी शिक्क्याचं. शेडचं दार लावून काट्याला अडकवलं. साडेएकवीस. काढलं, परत लावलं. साडेएकवीस. चाळीसला त्रेचाळीस. काट्याच्या पाठीवरचा स्क्रू पाहिला. पितळ घासलेलं, पाना लावल्याच्या खुणा. आपोआप बिघडलेला काटा नव्हे, बिघडवलेला.

हिशेब पाटीवर केला, वहीत करवेना. काट्याचे एकशे छप्पन्न म्हणजे खरे एकशे पंचेचाळीस.
दीडशेला पाच कमी. वसंताला मी "नाही" म्हणायला हवं होतं. आणि म्हटलंच असतं, कारण मी तसाच काटेकोर आहे.

२४ फेब्रु., रवि.
झोप नाही. जेवण नाही. सुमनला सांगितलं. ती "मी म्हन्लं होतं" म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

त्यांच्याकडे दोन काटे आहेत, घ्यायचा वेगळा आणि द्यायचा वेगळा, हे म्हणे अख्ख्या बाजाराला ठाऊक. मला नव्हतं. मीठ मोजतो, पंख्याचा कोन अर्ध्या अंशापर्यंत मोजतो, आणि ज्यानं मोजतो तो काटा मोजला नाही. का? मालकाच्या घरून आला म्हणून. काट्यावर संशय घेणं म्हणजे मालकावर घेणं, आणि ते माझ्यानं झालं नसतं. लाज वाटते. दुसरं काही वाटत नाही, फक्त लाज.

पाच किलोनंच पडला असं छातीठोक सांगता यायचं नाही. ऊन होतं, वाराही फिरला असेल. पण तो निघाला माझ्या शब्दावर, आणि माझा शब्द त्या काट्यावर.

८ मार्च, शनि.
भा.सा. आले. "झालं काय पंख्याचं?"
वजन त्यांच्यासमोर काट्याला लावलं. पाहिलं त्यांनी. वजनावरचा आकडा पाहिला, काट्याचा पाहिला. मी समजावायच्या आत स्वतःच बोलले, अगदी हळू.
"हा इकाचा काटा हाय."
"हो, विकायचाच."
"त्या दिवशी... हाच होता?"
"तुम्हीच पाठवला होता. घ्यायचा काटा तेव्हा कामात होता म्हणून."

पेट्रोलच्या रिकाम्या पिंपावर बसले. वीस वर्षांत त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. सगळा राग मनात घोकून ठेवला होता, कुठे गेला कोण जाणे. म्हणालो, माझीही चूक आहे, मी काटा तपासला नाही. ऐकलं की नाही माहीत नाही.
"इंदूले मी सांगतो. मीच सांगाले पायजे. चार दिवस द्या मले."
दिले.

२७ मार्च, गुरु.
चार दिवसांचे एकोणीस झाले. सुमनला आज बाजारात इंदूवहिनी भेटल्या. भा.सा. काही बोललेले नाहीत. फक्त जेवायला ताटावर बसतात आणि उठून जातात, असं म्हणाल्या.

५ एप्रिल, शनि.
त्यांचा निरोप: अठ्ठेचाळीस चढवा, महिनाअखेर निघतो.
मीच गेलो घरी. ओसरीवर होते. म्हटलं, तुम्हाला आकडा माहीत आहे. खरी ओढ माहीत आहे. तरी अठ्ठेचाळीस?
"काटा खोटा होता, निंब त नाई ना खोटे. मी काढीन वरून."
"नाही निघणार भाऊसाहेब. बेचाळीस लावू, मध्ये उतरा. एक दिवस जाईल."
"मले मधी उतराचं नाई. कुठीच उतराचं नाई."

असं बोलणं मला आवडत नाही. विमानाच्या कागदावर माझी सही लागते, तेवढंच माझ्या हातात. म्हटलं, आधी वहिनींना सांगा, मग बेचाळीसवर सही करतो. अठ्ठेचाळीसवर करणार नाही, जीव गेला तरी.
"मंग राहू द्या," म्हणाले आणि पाठ फिरवली. मी चप्पल घालेपर्यंतही थांबले नाहीत.

६ एप्रिल, रवि.
त्यांनी सांगायचं ही अट मी का घातली? स्वतः सांगायचं टळावं म्हणून. चार वर्षं ते काट्याबद्दल गप्प आणि मी पंख्याबद्दल. त्यातला मोठा चोर कोण, ते कोणत्या काट्यावर जोखायचं?

११ एप्रिल, शुक्र.
वहिनींना निरोप दिला होता. सकाळीच आल्या. काटा बाभळीला टांगून ठेवला होता, वजन खाली लावूनच. कुठून सुरुवात करायची ते शेवटपर्यंत सुचलं नव्हतं. सुरुवात त्यांनीच केली.

"वीसचं वजन अन् काटा एकवीसच्या वर? हा त आमचा इकाचा काटा. इथं कायले टांगला?"

स्टूल पुढे केलं. सगळं सांगितलं. पंखा मी निवडला, तेही. काटा तपासला नाही, तेही. चौकशीत गप्प बसलो, तेही. त्या सकाळी वसंताच्या तोंडाला चहाचा वास होता, फक्त चहाचा, हे मी शपथेवर सांगीन म्हणालो.

रडल्या नाहीत. काट्याकडे पाहून म्हणाल्या, "कमी किती होतं?"
"पाच किलो."
"पाच?" मग परत, "पाच किलो वांगे त आमच्या माहेरी पोत्यामागं वरून देते, मिस्त्रीभाऊ. मोजतबी नाई."

मग उठल्या. वजन काढून बाजूला ठेवलं, ते कांदेवाल्याचं. काटा बाभळीवरून स्वतः उतरवला आणि कडेवर घेतला. म्हटलं, जड आहे, मी आणून देतो. "नोको," म्हणाल्या. घराच्या रस्त्यानं गेल्या, बांधाबांधानं, न थांबता. भा.सा. या वेळी ओसरीवर असतात.

संध्याकाळ झाली, तिकडून कोणी आलं नाही. पंखे दोन्ही लाकडी घोडीवर आडवे ठेवलेत. विमानाचं नाक रिकामंच आहे.