बारा डगल्यांचा कापूस

८ जानेवारी १९७३, सोमवार

लढाईत मेलेल्या शिपायाच्या डगल्यातल्या कापसाचं पुढे काय व्हायचं? अब्बांनी आज विचारलं आणि मला उत्तर आलं नाही. इतिहास घेऊन बी. ए. झाले, घरातली पहिली. निजामशाहीची सनावळी तोंडपाठ. पण हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

विषय निघाला सरांमुळे. बी. ए. झाले तरी त्यांच्या मदतीला कॉलेजात जाते. कॉलेजच्या संमेलनात यंदा किल्ल्याच्या वेढ्याचा देखावा आहे. इतिहासाचे सर म्हणाले, "जमिला, पोशाख तुझ्याकडे. पण खरे हवेत. सिनेमातले नकोत." त्यांच्याकडे कुठल्याशा जुन्या घराण्यातून आलेला शिपायाचा डगला आहे. गुडघ्यापर्यंत लांब, उभ्या टाक्यांचा, काखेत फाटलेला. फाटल्या जागी बोट घातलं. आत कापूस. लोखंडी चिलखतं सरदारांना, साध्या शिपायाच्या अंगावर कापूसच. म्हणजे तेव्हाही कुणीतरी पिंजारी बसून...

घरी सांगितलं तर अब्बा कापूस पिंजायची कमान खाली ठेवून हसले, मग खोकले. "म्हंजी आमी बी लढाईत हुतो म्हन की." आणि मग तो प्रश्न.

१२ जानेवारी, शुक्रवार

संमेलनाचा सेक्रेटरी माने. त्याला डालड्याच्या डब्यांचे पत्रे कापून चिलखतं करायची आहेत. "लांबून चमकलं पाहिजे हो! तुमच्या गाद्या घालून आम्ही लढायचं का झोपायचं?" सगळे हसले. मीही हसले, पण कान तापले होते. सर म्हणाले, गाद्याच घालायच्या. बारा डगले ठरले.

मान्याला काय सांगू? माझं सगळं शिक्षण गाद्यांवर झालं आहे.

१५ जानेवारी, सोमवार

मांजरपाट आणला. बाभळीची साल उकळून रंगवला. पाणी एवढं वापरलं म्हणून अम्मीची बोलणी. बरोबरच आहे तिचं, नळाला एक दिवसाआड येतं. रंग मात्र सुरेख बसला, सरांच्या डगल्यासारखाच मातकट.

अम्मी टाके घालते. तिचा टाका माझ्यापेक्षा सरळ. "कुनाची लढाई ही?" म्हणाली. सांगितलं. "मंग ह्यात बायका कुठं हायेत?" म्हटलं, टाके घालतायत.

१८ जानेवारी, गुरुवार

नेवाशाहून निरोप. फुफी, अब्बांची बहीण, आजारी. अब्बा सकाळच्या एस. टी.ने गेले. जाताना कमानीची तात सैल करून गेले. मी म्हटलं, राहू द्या, मी पिंजीन. "तुला येतंय?" लहानपणापासून बघते आहे. "बघनं येगळं," म्हणाले. पण कमान मला दिली.

२१ जानेवारी, रविवार

कापूस पुरत नाही. घरोघरी जुन्या गाद्या मागून पाहिल्या. दुष्काळात गाद्या कोण उसवतो? मिळाला तो सगळा गोळे झालेला, तुटक धाग्याचा. उभ्या टाक्यात तो खाली सरकतो आणि छातीवर नुसतं कापड राहतं. तलवारीला ते काय अडवणार!

संध्याकाळी माळ्यावर मागच्या बाजूला एक पोतं सापडलं. पांढराशुभ्र, लांब धाग्याचा. अडचण सुटली.

२४ जानेवारी, बुधवार

तीन दिवस पिंजते आहे. दंड भरून आले. नाकातोंडात कापूस, भुवया पांढऱ्या. अब्बांचा खोकला कुठून येतो ते कळलं. माहीत होतं, पण कळलं नव्हतं.

भर सारखी बसावी म्हणून जुना आणि पोत्यातला, सगळा एकत्र केला. तात वाजू लागली की डोक्यात दुसरं काही राहत नाही. चारशे वर्षांपूर्वीचा आवाज हाच असणार. हे सरांना सांगायचं.

३१ जानेवारी, बुधवार

पहिली रंगीत तालीम. मैदानावर ऊन आणि फुफाटा. बारा जण डगले घालून उभे राहिले आणि माने त्यांच्याभोवती फिरून पाहू लागला. मग स्वतःच लाकडी तलवार घेऊन वसंताच्या खांद्यावर जोरात हाणली. वसंता जागचा हलला नाही. "लागलंच नाही की!" म्हणाला आणि लहान मुलासारखा हसला. त्याला हसताना पाहून बरं वाटलं. दिवाळीच्या आधी त्याची बहीण कुंदा कावीळ होऊन गेली. माझ्या मागे दोन वर्षं होती शाळेत. आमच्याच गल्लीत घर.

त्याची आई सुमनकाकू कुंपणापाशी आल्या होत्या. कितीतरी दिवसांनी बाहेर दिसल्या. वसंताच्या डगल्यावरून हात फिरवला. "किती मऊ भरलायस गं. हात अगदी इमामभाईंवर गेलाय तुझा."

सरांनी फाटक्या डगल्याशी टाका न् टाका ताडून पाहिला आणि मान हलवली. आजच्या इतकं सुख मला परीक्षेच्या निकालानेही झालं नव्हतं.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

अब्बा परत आले. फुफी बरी आहे. चहा पिऊन माळ्यावर गेले आणि तिथूनच विचारलं, "जमे, मागलं पोतं कुठं हाय?"

म्हटलं, पिंजलं. डगल्यांत भरलं.

बराच वेळ खाली उतरले नाहीत. उतरले तेव्हा हातात रिकामं गोणपाट. "काळा दोरा नव्हता का बांधलेला?"

मी काय बोलले ते लिहीत नाही.

३ फेब्रुवारी, शनिवार

लिहिते. काल मी "नव्हता" म्हणाले. होता. गाठ सुटेना म्हणून दातांनी तोडला. आणि २१ तारखेला या वहीतसुद्धा ते लिहिलं नाही. इथे कोण वाचणार होतं?

काळा दोरा म्हणजे मयताचा कापूस. माणूस ज्या गादीवर गेला त्या गादीचा. तो दुसऱ्याच्या कापसात मिसळायचा नाही. घरची माणसं म्हणतील तसं, पुरायचा नाहीतर जाळायचा. आमच्या घरात चार वर्षांच्या पोरालाही हे माहीत असतं. मला वाटलं, कापूस तो कापूस. मी शिकलेली. असल्या समजुतींना आपण नाही तर कोण...

पण कुणाचा, ते माहीत नव्हतं. आज अब्बांनी सांगितलं. कुंदाचा.

काकूंनी स्वतः गादी आणून दिली होती. "इमामभाई, हे पुरा. कुणाच्या अंगाखाली जाऊ देऊ नका. आमच्याच्यानं बघवत नाही." अब्बांनी शब्द दिला. तेव्हा खोकला जोरात होता, जमीन दगड झालेली, कुदळ मारवेना. राहिलं.

ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "आत काय भरलंय ते गिऱ्हाइकाला दिसत न्हाई, जमे. वरून नुसतं कापड दिसतं. म्हनून तर आपल्या धंद्यात शब्दच ऱ्हातो."

आणि मी महिनाभर कॉलेजात सांगत फिरते आहे, पोशाख खरे पाहिजेत.

वसंता रोज तो डगला घालतो.

५ फेब्रुवारी, सोमवार

आज तात वाजली नाही. अब्बा बाजेवर पडून. अम्मीने रेशनच्या मिलो ज्वारीची भाकरी केली, कुणालाच गेली नाही.

दुपारी सुमनकाकू आल्या. वाटीभर तीळगूळ घेऊन. यंदा सण केला नव्हता, म्हणाल्या, पण वसंता हसायला लागला म्हणून आज केला. मला गाल धरून म्हणाल्या, "तुझ्या त्या डगल्याची करामत." मग अब्बांकडे वळून, हळू आवाजात, "ते... पुरलंत ना हो, इमामभाई?"

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं नाही. छताला टांगलेल्या कमानीकडे पाहत म्हणाले, "व्हय, वैनी. कवाच."

काकू गेल्या. अम्मी चुलीपाशी उठून गेली. मी वाटी हातात धरून तशीच उभी.

अब्बांना खोटं बोलताना आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. शेवटी त्यांनी विटका कोट चढवला आणि मशिदीकडे गेले. नमाजाची वेळ नव्हती.

७ फेब्रुवारी, बुधवार

सरांनी बोलावलं. कॉलेजात जुन्या वस्तूंचं दालन करायचं ठरतंय. सांभाळायला माणूस लागेल. "रविवारी देखाव्याला पाहुणे येतायत. त्यांनी तुझे डगले पाहू देत, मग मी तुझं नाव पुढे करतो."

गेल्या महिन्यात हे ऐकलं असतं तर! आज नुसतं "हो सर" म्हणून आले.

वाटेत मनात हिशेब मांडत होते. वसंताचा डगला तेवढा बदलला तर? पण कापूस एकत्र केलेला. त्याच्या डगल्यात कुंदाचा किती आणि मान्याच्या किती, हे आता अल्लाच जाणे. एक उसवून भागत नाही. आणि कोणालाच काही कळणार नाही. हेच सारखं मनात येतं, कोणालाच कळणार नाही. आता या वाक्याचीच भीती वाटते.

मयताच्या कापसाने कुणाला काही होतं यावर माझा आजही विश्वास नाही. पण तो माझा नव्हता. काकूंनी एकच गोष्ट मागितली होती.

८ फेब्रुवारी, गुरुवार

अब्बांजवळ बसले. विचारलं, काय करू? भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तू शिकल्याली हायेस. मला कशाला इचारतीस?" टोमणा नव्हता. खरंच विचारत असल्यासारखे बोलले, त्याने जास्त लागलं.

थोड्या वेळाने स्वतःच, "मागं तुला इचारलं हुतं ना, शिपायाच्या डगल्याचं. मला वाटतं, परत पिंजत आसतील. पन आदी कुनीतरी त्याच्या आईला इचारत आसंल."

९ फेब्रुवारी, शुक्रवार

तालमीनंतर मान्याला म्हटलं, टाके सैल झालेत, डगले घरी नेते. उद्या संध्याकाळी देते. हेही खोटंच. शेवटचं.

माने स्वतः गठ्ठा सायकलवर घालून दारापर्यंत घेऊन आला. "जपा हो," म्हणाला, "आता आम्हाला पत्र्यात लढायला लाज वाटंल."

१० फेब्रुवारी, शनिवार

सकाळी उजेड पडताच उसवायला बसले. अम्मीने विचारलं नाही. थोडा वेळ पाहत राहिली, मग समोर बसून दुसरा डगला ओढला. तिचेच टाके. दुपारपर्यंत बाराही उसवले. शेवटचा वसंताचा. कॉलरला घामाचा डाग होता.

सगळा कापूस दोन गोण्यांत भरला. इतरांच्या गाद्यांचाही त्यात गेला, त्याला इलाज नाही. हातगाडीवर घालून सीना नदीच्या काठाला नेला. पात्र कोरडं. काठावर बाभळीखाली जमीन थोडी भुसभुशीत आहे. तरी दोन तास लागले. हाताला फोड. लांबून दुष्काळी कामावर खडी फोडायला जाणाऱ्या बायका पाहत होत्या, एकीने विचारलं, "इहीर खंदतीस का काय गं?" मी नाही म्हटलं. गोण्या आत ठेवल्या. काळा दोरा नवा घेतला होता, तो बांधला. माती लोटली. अब्बा तिथे असते तर काय म्हणाले असते ते माहीत नाही. मी कुंदाचं नाव घेतलं.

तिथून कॉलेज. सर नव्हते. बारा रिकाम्या खोळी घडी करून त्यांच्या टेबलावर ठेवल्या. चिठ्ठीत सगळं लिहिलं, काळ्या दोऱ्यासकट. मान्याचे पत्रे अजून खोलीच्या कोपऱ्यात आहेत.

मग काकूंकडे. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिले. कापूस कुणी घेतला ते सांगितलं. वसंताच्या अंगावर काय होतं ते सांगितलं. आज कुठे पुरला तेही. अब्बा सोमवारी तुमच्याशी खोटं बोलले, आणि ते माझ्यासाठी बोलले, हेही सांगितलं. काकू माझ्या मातीच्या हातांकडे पाहत होत्या. मग आत वळल्या आणि दार लोटून घेतलं. मी थांबले. कडी लागल्याचा आवाज आला नाही. तरी दार उघडलंही नाही.

घरी आले. अब्बा बाजेवर उठून बसलेले. त्यांचा शब्द आज पाळला गेला आणि आजच मी त्यांचं खोटं काकूंसमोर उघडं पाडलं. सगळं सांगितलं. त्यांनी हात पुढे केला, माझा हात उलटा करून फोड पाहिले आणि सोडून दिला.

उद्या देखावा आहे.