मुदतीच्या चार वर्षं आधी

ता. ९ ऑक्टोबर, रविवार दुपार

प्रिय ठमे,

पत्र बघून दचकू नकोस. आम्ही दोघं होतो तिथेच आहोत आणि बऱ्यापैकी धड आहोत. तुझं ऑफिस, तुझी खोली, ती सारखी शिंकणारी रूममेट, सगळं ठीक असेल असं धरून चालते.

गुरुवारी फोनवरच सगळं सांगायचं मनात होतं. पण मी तुझ्याशी बोलत असते तेव्हा बाबा शेजारच्या खुर्चीत पेपर घेऊन बसतात. पेपर हातात आणि कान इकडे. मी फोन ठेवल्यावर 'काय म्हणत होती' असं ते एकदाही विचारत नाहीत, कारण विचारायला काही उरलेलंच नसतं. आत्ता ते झोपलेत, म्हणून ओट्याला टेकून लिहितेय. अक्षर वाकडं आलं तर ओट्याला दोष दे.

मोठी बातमी ही, की घराचं कर्ज फिटलं. मुदतीच्या चार वर्षं आधी. मागच्या मंगळवारी बँकेत जाऊन आलो.

तू चौथीत होतीस तेव्हा कर्ज काढलं. वर्गात बाईंनी 'म'पासून सुरू होणारे शब्द विचारले आणि बाकीची पोरं मासा, मोर म्हणाली, तू 'मुद्दल' म्हणालीस. बाईंनी मला बोलावून विचारलं होतं, घरी काय बोलता हो तुम्ही? आपण तेच बोलायचो. बोनस मुद्दलात, जादा कामाचे पैसे मुद्दलात, माझ्या दुकानातली पगारवाढ मुद्दलात. आपल्या घरात सोफा आलाच नाही, दर वेळी तो मुद्दलात बसला. फ्रिजचं दार दोन वर्षं पट्ट्याने बांधलेलं होतं. भाजी मी अंधार पडल्यावर आणायची, उरलासुरला माल स्वस्त मिळतो म्हणून. पाहुणे यायचे म्हटलं की आधी डबे उघडून बघायचे, मग तोंडावर हसू. हे तुला नवीन नाही. तू त्यातच वाढलीस.

आनंद झाला का, असं विचारशील. मला वाटलं होतं की त्या दिवशी मी रडेन किंवा निदान पेढ्याबिढ्याचा एखादा पुडा तरी घेईन. प्रत्यक्षात फक्त पाय दुखत होते. चष्मेवाली पोरगी होती खिडकीत, तिने घराचे मूळ कागद हातात दिले आणि म्हणाली, "अभिनंदन काका, वेळेआधी येणारे फार थोडे असतात." बाबा म्हणाले, "थँक्यू. दरवाजा कुठल्या बाजूला?" आम्ही त्याच दरवाजातून आत आलो होतो. मी हसले. म्हटलं, एवढ्या वर्षांनी सुटका झाली की माणूस बावचळतोच.

बाहेर पडताना बाबांना जरा लागलं. कपाळाला टाके पडलेत. आता बरं आहे, काळजी करू नकोस.

स्वयंपाकघरातला नळ शेवटी दुरुस्त करून घेतला. तुला तो आठवत असेल, झोपेतसुद्धा ऐकू यायचा. तर तो माणूस आला आणि

ता. १० ऑक्टोबर, सोमवार

काल नळाचं अर्धंच राहिलं, बाबा उठले. नळाचं काही विशेष नाही. वायसर बदलला.

दुसरं सांगायचं होतं. ते टाळायला मी नळ काढला, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. माझ्या पोटची आहेस.

बँकेच्या बाहेरच्या पायऱ्या बाबांना दिसल्या नाहीत. म्हणजे समोरचा रस्ता दिसत होता, पायाखालची पायरी नाही. कागदांची पिशवी छातीशी धरलेली होती, ती सोडवेना, म्हणून हात पुढे टाकता आला नाही. सरळ कपाळावर आपटले. त्यांच्याच रुमालाने मी कपाळ दाबून धरलं. रिक्षाने जवळच्या दवाखान्यात नेलं. टाके घालणारा डॉक्टर तरुण होता, तुझ्याएवढा असेल. टाके झाल्यावर त्याने सहज स्वतःचं बोट बाबांच्या कानाजवळ धरून हलवलं.

"काका, हे दिसतंय?"

"काय?"

त्याने दुसऱ्या कानाजवळ धरलं. "आणि हे?"

बाबा समोरच्या भिंतीकडेच बघत राहिले. डॉक्टर माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. मग त्याने अगदी हळू विचारलं, "बाजूचं दिसेनासं होऊन किती दिवस झाले?"

आणि बाबा काय म्हणाले सांगू? भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाले, "तीन वर्षं. काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत."

मी तिथे शेजारी उभी होते गं. हातात त्यांचा रक्ताने भिजलेला रुमाल होता.

काचबिंदूत डोळ्यातला दाब वाढतो आणि आतली नस सुकत जाते. दुखत नाही, खुपत नाही. कडेकडेने दिसणं जातं आणि मधलं तेवढं राहतं, नळीतून बघावं तसं. म्हणून दातांच्या लॅबमध्ये कुणाला पत्ता लागला नाही. बाबांचं काम तर तू बघितलंयस, हातात एक दात, त्यावर दिवा, नजर सरळ. खोट्या दाताचा रंग खऱ्याशी जुळवण्यात आजही त्यांचा हात धरणारा कुणी नाही. पण पानाशेजारचा पेला सांडतो, दाराच्या चौकटीला खांदा लागतो. आणि मी म्हणायची, अहो जरा बघून चाला, लक्ष कुठे असतं तुमचं? स्कूटर विकली तेव्हा ते पेट्रोलचं कारण पुढे करत होते. मी खूश झाले होते, तेवढीच बचत म्हणून.

रोज थेंब घालायचे असतात, जन्मभर. त्याने दाब आटोक्यात राहतो. घरी आल्यावर मी विचारलं, "मग थेंब कुठायत? मला कधी दिसले नाहीत."

"लॅबमध्ये ठेवतो, ड्रॉवरमध्ये."

"रोज घालता?"

"घालतो."

"रोज?"

तेव्हा म्हणाले, "बाटली महाग आहे. एक दिवसाआड घातले तर महिन्याची दोन महिने पुरते."

मी स्वयंपाकघरात निघून आले. भांडी घासलेलीच होती, ती पुन्हा घासली.

ठमे, तू मला चिडलेलं बघितलंयस. पण ही चीड वेगळी होती. सोळा वर्षं मी एकेक पैसा वाचवला, त्यात काय काय कापलं ते मला तोंडपाठ होतं असं मी समजत होते. त्यात त्यांचे डोळे कापले जातायत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. आता समोरच उभं राहावं लागतं. म्हटलं, "कशासाठी केलंत हे?"

"हप्ता आधी संपतो की डोळे, एवढंच बघायचं होतं," ते म्हणाले. "कामच गेलं असतं तर हप्ते कुणी भरले असते? बँकेने घर घेतलं असतं. आंधळ्याला घेऊन तू कुठे फिरली असतीस? आता काही झालं तरी तुझ्या डोक्यावर छप्पर आहे."

"मला विचारलं असतंत तर भाड्याच्या एका खोलीत राहिले असते मी. डोळे असलेल्या माणसाबरोबर."

ते म्हणाले, "म्हणूनच नाही विचारलं."

मी दिवा घालवला आणि पडून राहिले.

आणखी एक आहे. ते लिहू की नको असं कालपासून चाललंय. लिहिते. दोन वर्षांपूर्वी त्या कोर्ससाठी तुला शिक्षणाचं कर्ज हवं होतं आणि जामीन म्हणून त्यांची सही. ते नाही म्हणाले. कारण सांगितलं नाही, नुसतं नाही. तू म्हणालीस, "फेडा तुमचं घर, आणि मग त्यात राहायला कोण उरतंय ते बघा," आणि बॅग भरलीस. तेव्हा मीही मनातून तुझ्याच बाजूची होते. परवा त्यांना विचारलं. म्हणाले, "ज्याच्या स्वतःच्या कमाईचा भरवसा नाही त्याने पोरीला जामीन कसं राहायचं? उद्या माझं काम गेलं असतं तर तिच्या मागे बँक लागली असती." मी म्हटलं, "मग हे तिला सांगायचं होतंत." तर म्हणाले, "सांगितलं असतं तर ती गेली नसती. थेंब घालत बसली असती माझ्या डोळ्यांत."

हे तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाहीये. तू चुकलीस असंही नाही. तुला जेवढं माहीत होतं तेवढ्यावर तू बोललीस. आपण दोघीही तेवढ्यावरच बोलत होतो.

ता. १९ ऑक्टोबर, बुधवार

पत्र पाठवलं नव्हतं. पुढचं काय ते कळल्याशिवाय तुला घोर लावायचा नव्हता.

डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. बाई स्पष्ट बोलतात. गेलेली नजर परत येणार नाही. डाव्या डोळ्यात फार थोडी उरली आहे, उजव्यात बरी आहे. ऑपरेशन करून दाब उतरवला तर आहे ती टिकायची शक्यता चांगली. नुसत्या थेंबांवर आता भागणार नाही. थांबलात तर वर्ष-दीड वर्ष, असं म्हणाल्या. आधी उजवा, मग डावा. आकडा सांगितला. बाबांनी मान डोलावली, आभार मानले, आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "चल, बस मिळेल."

कारण पैसे नाहीत. होते नव्हते ते सगळे शेवटच्या भरण्यात गेले. लॅबच्या विम्यात हे बसत नाही. माझ्या बांगड्या घर घेतानाच गेल्या. एकच वस्तू आहे आपल्याकडे, आणि तिचे कागद नुकतेच घरी आलेत.

मी म्हटलं, "घरावर कर्ज काढू."

ते नाही म्हणाले. आठवडाभर नाही म्हणत होते. "जन्म घालवला ते उतरवण्यात आणि आठ दिवसांत परत चढवू?" रडून झालं, अबोला धरून झाला. मी दुकानात गिऱ्हाइकाला वहीच्या जागी नकाशा दिला. तुला कळवते म्हटलं तर पहिल्यांदाच आवाज चढवला, "तिच्याकडून एक पै घ्यायची नाही." कागद त्यांनी गादीखाली ठेवले होते आणि त्यावर झोपत होते. सांगते काय तुला.

शेवटी काल मी वेगळ्या वाटेने गेले. जेवणं झाल्यावर त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, "मला हिशेब करून द्या. तुम्हाला अजिबात दिसेनासं झालं तर तुमचा पगार बंद. तुम्हाला एकटं ठेवता येणार नाही, म्हणजे माझं दुकान बंद, तोही पगार गेला. वीज, गॅस, किराणा, तुमची औषधं चालूच. किती दिवस पुरेल? आणि दुसरीकडे, ऑपरेशन झालं, तुम्ही अजून सहा-सात वर्षं काम केलंत, मी दुकानात राहिले, तर हप्ता जाऊन काय उरतं?" मी आकडे सांगत गेले. ते डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं झोपलेच.

मग म्हणाले, "दुधाचे धरले नाहीस."

"धरते."

"आणि सोसायटीचे. ते वर्षाचे एकदम भरायचे असतात."

"तेही धरते."

बराच वेळ ओठ हलत होते, मनातल्या मनात चाललं होतं. त्यांच्या बेरजेत मध्ये बोललेलं त्यांना चालत नाही, तुला माहीतच आहे.

"किती वर्षांचं देतील?"

"पाच. मी बँकेत विचारून आलेय."

"तीनमध्ये फेडू," बाबा म्हणाले.

आणि गादीखालून कागद काढून मला दिले.

आज सकाळी सह्या करून आलो. तीच चष्मेवाली पोरगी खिडकीत. बिचारीला काय बोलावं कळेना. जिथे सही करायची तिथे तिने बोट ठेवलं आणि सही होईपर्यंत उचललं नाही. बाहेर पडताना मी पायऱ्यांवर त्यांचा दंड धरला. हिसका देतील वाटलं होतं, दिला नाही.

पुढच्या मंगळवारी, पंचविसाव्या तारखेला, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे.

पैसे पाठवू नकोस, खरंच नको. नोकरी सोडून येण्याच्याही फंदात पडू नकोस, त्यांना ते सहन होणार नाही. पण मंगळवारच्या आधी दोन दिवस सुट्टी मिळत असेल तर ये. मी तुला लिहिलंय हे त्यांना माहीत नाही. तू आलीस की त्यांना कळेलच, मग माझ्यावर ओरडू देत.

फक्त एक कर. आत आलीस की बाजूने येऊन बसू नकोस, त्यांना कळणार नाही आणि तुला वाटेल की अजून राग धरलाय. अगदी समोर जाऊन उभी राहा. जवळ.

मी दमले आहे गं. बाकी बरं आहे.

दोघांचेही आशीर्वाद. त्यांचे मी न विचारताच लिहिते आहे.

तुझी
आई